दोन सांजांचं घर

भाट्ये, १४ नोव्हेंबर १९९८

"दिवेलागणीला घरी नसलेल्या बंधूंनो, आणि त्यांच्यासाठी उंबऱ्यात दिवा लावून बसलेल्या बहिणींनो, आपलं गाऱ्हाणं एकच आहे. ज्या वेळेला माणसाने आपल्या माणसांत असावं, नेमकी तीच वेळ आपल्याकडून काढून घेतली गेली आहे. खलाशाची सांज बोटीने नेली. दुबईवाल्याची सांज त्याच्या मालकाने नेली. आणि जो अख्ख्या दर्याला घरची वाट दाखवतो, त्या दिवेवाल्याला तर सांजेची रजा जन्मात मिळत नाही."

रघू, काल मासळीवाल्या बायकांच्या सभेत मी अशी सुरुवात केली. विषय होता बाजारातल्या ओट्यांवर छप्पर हवं, हा. छप्पर राहिलं बाजूला आणि मी दिव्यात शिरले. बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. माझ्या शेजारच्या ओट्यावर बसते ती राजिवड्याची हमिदा मी खाली उतरल्यावर म्हणाली, "गोदा, आता छप्पर मागू नको गो. रुमाल माग."

टाळ्या पुष्कळ पडल्या. पण बोलताना मला समोरची एकही बाई दिसत नव्हती. तू दिसत होतास. म्हणून तेच भाषण आज एकट्या तुला पाठवते आहे. बंधूंनो म्हणायची जिभेला सवय झाली आहे, सगळ्या बंधूंच्या वाटचं तूच ऐक.

बाबा गेले त्याला आता तीन वर्षं होतील. त्यानंतर तुझं एक अक्षर नाही. मी लिहिते, अंदमानच्या पत्त्यावर टाकते, पत्र परत येत नाही. म्हणजे कोणीतरी ते घेतं आहे. सभेत बोलणाऱ्याला तेवढा आधार पुरतो. समोरचा उठून गेला नाही म्हणजे तो ऐकतो आहे, असं धरून चालायचं.

आई बरी आहे. घरातल्या दोन्ही सांजा वेळेवर होतात. तिकडच्या बेटावर दीपगृहात रुजू झालास तेव्हा पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, "इथे सूर्य फार घाईत असतो. तुम्ही दुपारचा चहा पीत असता तेव्हा मी बत्ती लावतो." त्या दिवसापासून या घरात दोनदा सांज होते. चहाचा कप खाली ठेवला की ओटीवर बाबांच्या होडीतला कंदील पेटतो. बाहेर लख्ख ऊन, वाळू अजून तापलेली, आणि ओटीवर कंदील. ती तुझी सांज. मग इथला सूर्य बुडतो, किल्ल्यावरची बत्ती लागते, आणि तुळशीपाशी दुसरा दिवा लागतो. ती आपली. नव्या पोस्टमनने पहिल्याच दिवशी विचारलं, "काशीकाकू, लाईट गेली की काय?" आई म्हणाली, "नाय बाबा. माज्या झिलाची, माज्या रघूची आली."

दिवेवाला आपला दिवा लांबून कधी बघत नाही. तो आत असतो. म्हणून आजची सांज तुला सांगते.

सूर्य या दिवसांत पार दक्षिणेला उतरतो, बत्तीपासून लांब. उन्हाळा चढेल तसा तो रोज थोडा उत्तरेला, किल्ल्याच्या दिशेने सरकत जाईल. वैशाख-ज्येष्ठात इतका जवळ येतो की वाटतं, यंदा बत्तीच्या मागेच बुडणार. आणि तिथूनच माघारी फिरतो. लहानपणी तू मला विचारायचास, "अक्का, सूर्य बत्तीपरेंत का जात नाय?" मी इतकी पुस्तकं वाचली, त्याचं खगोलशास्त्रातलं उत्तर आता मला येतं. ते उत्तर मला आवडत नाही.

पांढरा मनोरा आधी पिवळा झाला, मग पिकत्या आंब्याच्या सालीसारखा. पाणी मात्र जांभळं. आणि सूर्य टेकायच्या बेतात असताना वरच्या काचा एकदम पेटल्या. आठवतं? "लागली, लागली" म्हणून तू बोंब मारायचास आणि बाबा होडी शाकारता शाकारता हसायचे. "अरे, ती खोटी बत्ती. सूर्य जाताजाता काचेत तोंड बघतो. खरी अजून लागायचीय." मग काचा विझायच्या. मध्ये एक रिकामी वेळ, ना सूर्याची ना दिव्याची. तेवढ्या वेळात तू माझं बोट धरायचास. आणि मग खरी लागायची. ती काही पेटत नाही, खोटीसारखी भडकत नाही. एक ठिपका होतो, इतका साधा की बघणाऱ्याला वाटावं, हा मघापासून इथेच होता. अंधार दाटत जातो तसा त्या ठिपक्याला किरण फुटतो आणि तो पाण्यावरून, सुरूच्या बनावरून, आपल्या भिंतीवरून फिरायला लागतो.

आज मधल्या रिकाम्या वेळेत माझं बोट मोकळं होतं.

तुझी,
गोदाक्का


भाट्ये, ७ फेब्रुवारी १९९९

रघू,

काल मी तुझ्या खात्याशी भांडून आले. रीतसर भांडले, कुणाचा अपमान केला नाही.

हमिदाला आणि मला किल्ल्यावरच्या मनोऱ्यात जायचं होतं. आयुष्यभर त्या उजेडात मासे विकले, एकदा वरून बघू म्हटलं. बाजार आटोपून गेलो. वर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. रघू, मी सभेत तुमच्या नोकरीवर इतकं बोलते, पण वरून दर्या बघितल्यावर माझं तोंड बंद झालं. हमिदा म्हणाली, "याची तारीख लिवून ठेवा कुणीतरी." एका बाजूला मिऱ्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला मांडवी, पुढे खाडीचं तोंड, आणि त्याच्या पलीकडे आपलं भाट्ये. नारळांच्या झावळ्यांत आपलं कौल मला दिसलं नाही, पण कुठे असेल ते कळलं. तू तिकडे अशाच एका कठड्याला टेकून उभा राहत असशील. आणि त्या दर्यात तुला आपलं कौल कुठे असेल तेही कळत नसेल.

तेवढ्यात तिथला माणूस म्हणाला, बाई, वेळ संपली, खाली चला. अजून सूर्य बुडायचा होता. म्हणजे जे बघायला माणूस जन्मभर तळमळतो, नेमकं त्याच्या आधी खाली. मी म्हटलं, दिवा लागताना बघू द्या, हात लावणार नाही. तो बिचारा भला होता, नियम आहे म्हणाला. मी जिन्यातच सुरू केलं. म्हटलं, या दिव्याच्या भरवशावर आमचे बाप दर्यात गेले, आमचे भाऊ असेच दिवे सांभाळायला देशाच्या टोकाला गेले, आणि आम्हाला तो पेटताना बघायची मनाई? मागे पर्यटक खोळंबले होते, त्यातल्या एकाने टाळी वाजवली. हमिदाने माझा पदर ओढला. "उतर गो. नायतर तुलाच काचेत बसवतील आणि फिरवत ठेवतील. आवाज बोटींना बरोब्बर ऐकू जाईल."

उतरलो आणि मनोऱ्याच्या पायाशीच थांबलो. तिथे थांबायला मनाई नव्हती. बत्ती लागली. किरण आमच्या डोक्यावरून निघून लांब दर्यात गेला आणि आम्ही दोघी काळोखात. दिव्याखाली अंधार ही म्हण मी शंभर भाषणांत वापरली असेल. काल पहिल्यांदा तिच्यात उभी राहिले.

तेव्हा मला बाबा आठवले. तू दिव्याची नोकरी धरलीस तेव्हा म्हणाले होते, "दर्यात जाणारा दिवा बघतो. दिवेवाला नुसता दर्या बघतो. माज्या घरात मला बघे नकोत." तू सुकाणू धरावंस हे त्यांचं स्वप्न होतं, आणि स्वप्न मोडलं की आपल्याकडची माणसं रडत नाहीत, टोचून बोलतात. तू त्या बोलण्यावर गेलास. नंतर बाबा गेले तेव्हा तुझ्या बोटीला उशीर झाला, तू पोचलास तोवर बाराव्याचं जेवण होऊन गेलं होतं. आणि आपल्याच ओटीवर धोंडूकाका सगळ्यांसमोर म्हणाला, "दुनियेच्या बोटींना वाट दाखवतो, आणि बापाला खांदा द्यायची वाट तेवढी नाय गावली."

मी त्याला तिथेच झोडपला. अजून झोडपते, तो गल्ली बदलून जातो. पण तू चहासुद्धा न घेता निघालास. मला म्हणालास, "अक्का, तू छान बोललीस. पण काका बोलला ते खरं होतं."

ते खरं नव्हतं, रघू. ज्या गावात मुलाला पोटासाठी दर्या ओलांडावा लागतो, त्या गावाने खांद्याचा हिशोब मागू नये. हे मी उद्या व्यासपीठावरूनही म्हणेन. फक्त तू समोर बसलेला हवास.

गोदाक्का


भाट्ये, २० मे २००१

रघू,

सूर्य आता बत्तीच्या अगदी जवळ बुडतो आहे. थोडक्यात राहतो.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणतो, सोपं ऑपरेशन आहे. ती म्हणते, रघू आल्यावर. डॉक्टर म्हणाला, "आजी, तो आला तर दिसायला तरी हवा." यावर ती हसली, पण तयार झाली नाही.

तिचा एक घोळ व्हायला लागला आहे. काचा सूर्याने पेटल्या की तिला तीच बत्ती वाटते. खोटीलाच खरी धरते आणि तुळशीपाशी दिवा लावून मोकळी होते. मी म्हणते, आये, अजून नाही लागली. ती म्हणते, "मला दिसली ना? मग लागली." तिच्याशी वाद घालून जिंकलेलं माणूस रत्नागिरी तालुक्यात नाही.

दुपारच्या कंदिलाला तिला डोळे लागत नाहीत. चहाच्या चवीवर कळतं म्हणते.

जानेवारीत कच्छात भूकंप झाला ते तुला तिकडे कळलं असेलच. आम्ही बाजारात गोधड्या गोळा केल्या. मी आठवडी बाजाराच्या कोपऱ्यावर उभी राहून घसा फुटेस्तोवर बोलले. म्हटलं, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत म्हणून ती परकी होत नाहीत. हमिदाने मुलाच्या निकाहातली नवी रजई दिली, तिच्या सुनेने तोंड फिरवलं तरी दिली. आईने आपली गोधडी दिली, बाबांच्या धोतराची शिवलेली. ट्रक निघाला तेव्हा हात जोडून म्हणाली, "बिचारी माणसं. बरा, माजा रघू तिकडं नाय. तो दुसऱ्या दर्यात हाय."

एक ओळ लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल. तुझ्या अक्षरात असाव्यात.

गोदाक्का


भाट्ये, २९ डिसेंबर २००४

रघू,

हे पत्र कुठे टाकू, ते मला माहीत नाही.

रविवारी लाट आली. टीव्हीवर अंदमान म्हणतात, बेटांची नावं घेतात, तुझ्या बेटाचं नाव कोणी घेत नाही. घेतलं नाही म्हणजे वाचलं, की घ्यायला काही उरलं नाही? मी जिथे जिथे फोन असेल तिथे जाऊन बसले. कोणाचा नंबर लागत नाही.

आईला कळू द्यायचं नव्हतं. वाडीत असं काही लपतं का? धोंडूकाका आला. म्हातारा झाला आहे. ओटीवर बसून राहिला, जाताना तुळशीच्या कट्ट्यावर डोकं टेकवून गेला. त्यावरून ती समजली.

दुपारचा चहा तिने केला नाही. मी तो करून दिला. कप खाली ठेवून ती उठली, चाचपडत कंदिलापाशी गेली, काच पुसली. मला धीर झाला नाही तिच्याकडे बघायचा. मी म्हटलं, आये, राहू दे आज. ती म्हणाली, "तो असला तर लावील. नसला, तर त्याची बत्ती कोण लावील?"

आणि लावला.

मला भाषण सुचत नाही, रघू. जन्मात पहिल्यांदा. उद्या किल्ल्यावर जाते, दिवेवाल्यांना एकमेकांची खबर असते. तोवर तू असावंस. एवढंच. असावंस.

गोदाक्का


भाट्ये, १६ जानेवारी २००५

रघुनाथ,

तू जिवंत आहेस. हे वाक्य मी गेले पंधरा दिवस येता-जाता म्हणते आहे, म्हणून आधी तेच लिहिते. देवाला मी फारसं काही देणं लागत नाही, पण त्या दिवशी किल्ल्यावरच्या भगवतीच्या पायरीवर बसून रडले.

आता पुढचं.

मनोऱ्यावर गणपतीनंतर बदलून आलेला एक दिवेवाला आहे, गंगाराम नावाचा. दापोलीकडचा, बुरोंडीचा. त्याला म्हटलं, माझा भाऊ अंदमानात तुमच्याच खात्यात आहे, काहीही करून खबर काढा. तुझं नाव सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "रघुनाथ? ताई, तो अंदमानात कुठे आहे? आम्ही दोघं एकाच बत्तीवर होतो, कच्छच्या बाजूला. मी इकडे आलो, तो अजून तिथेच आहे. दिवाळीत बोललो की त्याच्याशी."

मला आधी नुसता आनंद झाला. पुढचं ऐकू यायला थोडा वेळ लागला. मग विचारलं, कच्छला कधीपासून? तर म्हणे भूकंपाच्याही आधीपासून. त्या सकाळी तुम्ही दोघं बाहेर अंगणात होतात म्हणून वाचलात. संध्याकाळपर्यंत जमीन थरथरत होती आणि तरी तुम्ही जिना चढून बत्ती लावलीत. तो सांगत होता आणि मला त्या ट्रकमधली बाबांच्या धोतराची गोधडी दिसत होती. कदाचित ती तुझ्या दारावरून गेली असेल.

मी शेवटचा प्रश्न विचारला. त्याला अंदमानवरून फिरून पत्रं यायची का? गंगाराम म्हणाला, "गठ्ठ्याने यायची. तो वाचायला वर जायचा, गॅलरीत. खाली आला की कुणाशी बोलायचा नाय. आम्ही समजायचो, घरची असतील."

घरचीच होती, रघू.

म्हणजे तू सगळं वाचलंस. दुपारचा कंदील वाचलास, चहाची चव वाचलीस. "बरा, माजा रघू तिकडं नाय" हे तू तिकडेच बसून वाचलंस. तुझी आई लख्ख उन्हात दिवा लावते आहे, तुझ्या सांजेचा म्हणून, आणि त्या वेळेला तुझ्या डोक्यावरही ऊनच आहे, हे तुला माहीत होतं. आणि पोस्टाचं एक कार्ड तुला जड झालं.

का, ते मला कळतं. बोलणाऱ्या माणसाला लपवणाऱ्याची युक्ती लगेच कळते, आम्हीही शब्दांमागेच लपतो. अंदमान लांब आहे, हे सगळ्या गावाला मान्य होतं. तिथून कोणी येत नाही म्हणून कोणी नाव ठेवत नव्हतं. कच्छ लांब आहे हे कोणी मानलं नसतं. आता आपल्या गावाला रेल्वे आहे. गाडीत बसलं की दोन दिवसांत घर. तू ते अंतर जपून ठेवलंस. आम्ही तुला तिकडे धाडलं नव्हतं, तूच आम्हाला तेवढं लांब पाठवून दिलंस.

मी रागावले आहे. तू जिवंत आहेस म्हणून मला रागावता येतं आहे, याचं सुख तुला सांगून कळायचं नाही.

आईला अजून एवढंच सांगितलं आहे की तू सुखरूप आहेस. तिने विचारलं, "बत्ती राहिली ना उभी?" मी म्हटलं, राहिली. बाकीचं कसं सांगू ते ठरत नाही. दुपारी ती कंदील पेटवते, तेव्हा मी परसात जाऊन उभी राहते.

गोदा


भाट्ये, ३ मार्च २००५

रघू,

आईला सांगितलं. हे पत्र आता कच्छच्या पत्त्यावर थेट येईल, गंगारामने तो लिहून दिला आहे.

हमिदा मागेच लागली होती. म्हणाली, "खोट्या वेळेचा नमाज होत नाय गो. दिव्याचा तरी कसा होईल?" मी काल दुपारी चहा ठेवला आणि आईला सगळं सांगितलं. अंदमान नाही, कच्छ. कधीपासून, तेही सांगितलं. पत्रं पोचत होती, तेही. मला वाटलं रडेल, कदाचित तुला शिव्या देईल. मी दोन्हीला तयार होते.

तिने कप खाली ठेवला. सवयीने उठली, कंदिलाची काच हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मग त्याचा सूर्य आता कदी बुडतो गो?"

एवढंच. तिचा सगळा जबाब एवढाच.

मी म्हटलं, आये, कच्छ आपल्या पश्चिमेला. तिकडे सूर्य आपल्या नंतर बुडतो. म्हणजे आता आधी आपली सांज, मग त्याची. तिने काच परत ठेवली. म्हणाली, "म्हंजे आपण काळोखात असतो तवा त्याच्याकडं उजेड असतो?" थोडा वेळ असतो, म्हटलं. "बरा," म्हणाली. "आपला सूर्य त्याच्याकडं जातो म्हंजे."

आता एक गोष्ट लिहायची आहे. ती लिहायला मला आजवर परवानगी नव्हती. आईनेच काल ती दिली. म्हणाली, "लिव त्याला. आता कोण रागावणार हाय?"

दुपारचा कंदील आईने सुरू केला नाही. तुझं ते पहिलं पत्र मी ओटीवर मोठ्याने वाचलं, तेव्हा बाबा जाळं विणत बसले होते. मान वर केली नाही. "बघे नकोत" म्हणणारा माणूस, तो कशाला वर बघेल? दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते उठले, होडीत गेले, कंदील काढून आणला, रॉकेल भरलं आणि भर उन्हात ओटीवर पेटवला. आई बघतच राहिली. मी विचारलं, बाबा, हे काय? म्हणाले, "होडीत उगाच गंजतोय. बघतो चालतो का." मग रोज बघू लागले, तो चालतो का. कधी होडीवर असले तर आईला सांगून जायचे, "आज तू बघ चालतो का." आम्हाला ताकीद होती, मी लावतो हे पोराला कळवायचं नाही. कळलं तर हातातलं टाकून पळत येईल, आणि मग तिथली बत्ती कोण लावील? ते वाक्य आईचं नाही, रघू. तिने ते बाबांकडून घेतलं आहे.

शेवटच्या आजारात ते अंथरुणावर होते, तेव्हाही चहा झाला की ओटीकडे बोट करायचे. तू पोचायच्या आधी ते गेले, हे खरं. पण गेले तेव्हा कंदील पेटलेला होता. धोंडूकाकाला हे ठाऊक नव्हतं. तुलाही नव्हतं. काकाला मी काल जाऊन सांगितलं. म्हातारा बराच वेळ चिलीम शोधत राहिला, ती त्याच्या हातातच होती.

आता कालची संध्याकाळ सांगते, आणि थांबते.

आईला हल्ली फार वेळ बसवत नाही, दम लागतो. दिवसाचा बहुतेक वेळ आडवी असते, उठते ती दिव्यासाठी. काल तिला धरून ओटीवर आणली. सूर्य अजून दक्षिणेलाच बुडतो आहे, पण निघाला आहे किल्ल्याकडे. काचा भडकल्या. ती म्हणाली, लागली. मी म्हटलं, नाही आये, खोटी. काल तिने ऐकलं. काचा विझल्या. रिकामी वेळ आली, आणि तिने अंधारात चाचपडून माझं बोट धरलं, तुझ्यासारखं. मग खरी लागली. मी तिला सांगितली. तुळशीपाशी दिवा लावला. आपली सांज झाली.

मग तिने कंदील मांडीशी ओढला, काडेपेटी हातात घेतली आणि बसली. तुझ्या सांजेसाठी. किरण भिंतीवरून फिरत होता, तिच्या तोंडावरून जात होता, आणि ती दर वेळी विचारत होती, "झाली काय त्याची?" मला काय माहीत? मी म्हटलं, गंगारामला विचारते, त्यांच्याकडे छापील वेळा असतात. म्हणाली, "छापलेली नको." मी म्हटलं, मग फोन लावून देतो म्हणतो तो. म्हणाली, "नको. त्यानं उचलला नाय, तर मी काय करू? त्याची येळ त्यानं सांगावी. त्यानंच पयली सांगितली होती."

बसल्या बसल्या तिला झोप लागली. कंदील तसाच राहिला. इतक्या वर्षांत तुझी सांज पहिल्यांदा चुकली.

रघू, मी आयुष्यभर माणसांना मोठमोठी कामं सांगत आले. उठा म्हटलं, लढा म्हटलं, मोर्चाला चला म्हटलं. तुला तसलं काही सांगत नाही. ये म्हणत नाही. यायचं तेव्हा तुझे पाय तुला आणतील. माफी माग म्हणत नाही, इथे कोणी मागत बसलेलं नाही. आईच्या हातात काडेपेटी आहे आणि तिला वेळ माहीत नाही, तेवढं बघ.

या पाकिटात एक कोरं कार्ड घातलं आहे. पत्ता मी लिहिला आहे. आज बत्ती लावलीस की जिन्यावरून खाली उतरायच्या आधी, तिथेच उभा राहून, तुझ्या हाताने त्याच्यावर वेळ लिही. नुसती वेळ. आणि सकाळच्या टपालाला टाक.